पडदा, व्हीआर की रंगाच्या गोळ्या? पोलीस प्रशिक्षण खऱ्याच्या जवळ न्यायचं तर काय घ्यावं

कवायत_मैदान:
नमस्कार मंडळी. बंद हॉल आहे, १४ मीटर लांब, ९ रुंद, छत ४ मीटरवर. तुकडी २४ जणांची, हातात दोन दिवस, रोज कामाचे सहा तास. रेंजवर कागदी लक्ष्यावर सगळ्यांचे गुण ठीक येतात. गाडी अडते ती पुढे. समोरचा माणूस बोलता बोलता खिशात हात घालतो, बाजूने दुसरा कोणी ओरडतो, बाहेर आलेली वस्तू मोबाइल आहे की पिस्तूल हे लगेच ओळखायचं असतं. तिथे एक तर बोट आधी वळतं, नाहीतर माणूस खांबासारखा उभा राहतो.

तीन प्रस्ताव आहेत. एक, प्रोजेक्टर, पडदा आणि लेझरची बंदूक. दोन, व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट. तीन, खरी माणसं समोर उभी करून मार्किंग राउंड (रंग उमटवणारी सरावाची काडतुसं) किंवा एअरसॉफ्ट (प्लास्टिकच्या छोट्या गोळ्यांची बंदूक). पैसे एकाच मोठ्या खरेदीपुरते आहेत. कशाने नेमकं काय साधतं, आणि कुठे फसतं? जाहिरातीतली वाक्यं नकोत, ती वाचून झाली आहेत.

नेमबिंदू:
'जास्त खरं काय' असं विचारलं की चित्र जास्त सुंदर असलेला प्रस्ताव जिंकतो. त्याऐवजी असं विचारा: प्रत्यक्षात माणूस ज्या खुणेवरून निर्णय घेतो, ती खूण इथे दिसते का? आणि निर्णय घेतल्यावर जी हालचाल करतो, ती इथे करता येते का? या दोन प्रश्नांवर तिन्ही प्रस्तावांची उत्तरं वेगवेगळी येतात. मला पडद्याची माहिती जास्त आहे, म्हणून तेवढंच लिहितो.

पडद्यावर सगळ्यात जास्त दिसणारी चूक मापाची. समोरचा माणूस ७ मीटरवर आहे असं दाखवायचंय आणि प्रशिक्षणार्थी पडद्यापासून ४ मीटरवर उभा आहे. तर १.७ मीटर उंचीचा माणूस पडद्यावर १.७ गुणिले ४ भागिले ७, म्हणजे साधारण ९७ सेंटिमीटर दिसायला हवा. बहुतेक ठिकाणी तो 'लाइफ साइज' म्हणून पूर्ण १.७ मीटर दाखवतात. मग तो खरं तर ४ मीटरवरचा माणूस झाला. लक्ष्य मोठं मिळतं, हात मोठे दिसतात, निर्णय सोपा होतो, आणि गुण फुगतात. जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारा, त्या रेघेवरूनच सराव घ्या आणि प्रत्येक चित्रफितीला तिचं अंतर लिहून ठेवा. चित्रीकरण करताना कॅमेरा १.६ मीटरच्या आसपास, डोळ्यांच्या उंचीवर हवा. खांद्याखाली गेला की समोरचा अकारण दांडगा दिसतो.

आता लेझर ओळखणं. कॅमेरा ६० फ्रेमचा असेल तर दोन फ्रेममध्ये १६.७ मिलिसेकंद असतात. पडदा चकाकू नये म्हणून एक्स्पोजर (प्रत्येक फ्रेमला प्रकाश घ्यायचा वेळ) ४ मिलिसेकंदांवर आणलं, आणि बंदुकीतला लेझर ५ मिलिसेकंदच चमकत असेल, तर हिशोब करा: (४ अधिक ५) भागिले १६.७, म्हणजे जेमतेम ५४ टक्के शॉट कॅमेऱ्याला दिसणार. उरलेले गेले कुठे म्हणून लोक सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा टाकत बसतात. चमक फ्रेमच्या अंतरापेक्षा लांब हवी, २० मिलिसेकंद धरा. मात्र लांब चमकेचा एक परिणाम होतो. ट्रिगर झटक्याने ओढला की ठिपक्याची रेघ उमटते आणि सॉफ्टवेअर तिचा मध्य धरतं. नोंद नेहमी पहिल्या ठिपक्याची घ्या. ती रेघ मात्र जपून ठेवा, ट्रिगरवरचा हात सुधारायला त्याहून चांगला पुरावा मिळत नाही.

लाल दिसणारा लेझर घेऊ नका. ठिपका दिसला की माणूस साइट (बंदुकीवरची नेम धरायची खूण) सोडून ठिपक्याकडे बघू लागतो. ८५० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड घ्या आणि कॅमेऱ्यापुढे त्याच तरंगलांबीचा फिल्टर लावा. हॉलमध्ये हॅलोजन किंवा जुने पिवळे बल्ब असतील तर काढा, त्यांच्यात इन्फ्रारेड भरपूर असतो. खिडकीतून पडद्यावर ऊन आलं तर खोटे शॉट नोंदले जातात. एलईडी दिव्यांचा त्रास होत नाही.

कॅलिब्रेशन (कॅमेऱ्याला दिसणारी जागा पडद्यावरच्या जागेशी जुळवणं) चार कोपऱ्यांवर भागतं असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. नऊ बिंदूंवर करा, कारण स्वस्त भिंगाच्या बाकामुळे चार कोपरे जुळले तरी कडांच्या मध्यावर चूक उरते. प्रोजेक्टर सुरू करून अर्धा तास तापू द्या, मग करा. थंड असताना केलेलं कॅलिब्रेशन नंतर सरकतं. पडदा ३ मीटर रुंद आणि कॅमेरा १२८० पिक्सेलचा असेल तर एक पिक्सेल २.३ मिलिमीटरचा पडतो, तेव्हा त्याहून बारीक अचूकतेचा दावा कोणी केला तर हसून सोडून द्या.

गोळी झाडताना हाताला बसणाऱ्या धक्क्याबद्दल: सीओटू गॅसवर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे नेणारी किट बरी असते. पण गॅसचा दाब तापमानावर ठरतो. २० अंशांना तो ५७ बारच्या आसपास असतो, शून्याला ३५. भराभर दहा-बारा शॉट मारले की कुपी स्वतःच गार पडते आणि स्लाइड अर्ध्यावरून परत येते. प्रशिक्षणार्थी त्याला बिघाड समजून टॅप-रॅक करतो, म्हणजे मॅगझिन ठोकून स्लाइड मागे ओढतो. तो मुद्दाम दिलेला सराव नाही हे उस्तादांना माहीत असलं पाहिजे.

पडद्याची खरी मर्यादा अशी की चित्राला खोली नसते. तुम्ही डावीकडे झुकून डोकावलात तरी भिंतीमागचं काही दिसत नाही. त्यामुळे कव्हर (गोळी अडवणारी आड) घेण्यात काही फायदाच उरत नाही आणि माणूस मधोमध उभं राहायला शिकतो. पाच पडद्यांची ३०० अंशांची यंत्रणासुद्धा एवढंच करते की मागे वळून बघायला लावते. झुकण्याचा प्रश्न तसाच राहतो. आणि टॉर्च! अंधारी गल्ली प्रोजेक्टरवर दाखवली आणि त्यावर खरा टॉर्च मारला तर गल्ली उजळत नाही, चित्र पांढुरकं होऊन पुसलं जातं. म्हणजे प्रत्यक्षाच्या अगदी उलट. त्यासाठी इन्फ्रारेड टॉर्च लागतो, त्याचा गोल ओळखून सॉफ्टवेअर चित्राचा तेवढाच भाग उजळतं. खरेदीपूर्वी हे चालवून दाखवायला सांगा.

तिसरा_डोळा:
व्हीआरमध्ये डोकावणं, बसणं, दाराच्या चौकटीत कोन कापत जाणं (थोडं थोडं सरकत खोलीचा एकेक भाग बघणं) हे सगळं चालतं, कारण चित्र डोक्याबरोबर बदलतं. पडद्याची जी दुबळी बाजू वर आली, तीच याची जमेची. सरावानंतर तोच प्रसंग समोरच्या माणसाच्या डोळ्यांतून दाखवता येतो. 'मी आडोशाला होतो' म्हणणाऱ्याला स्वतःचा अर्धा खांदा आणि गुडघा बाहेर दिसतो, मग वाद मिटतो.

नेमबाजी मात्र यावर शिकवू नका. हेडसेटचं भिंग डोळ्याला एकाच ठरावीक अंतरावर फोकस करायला लावतं, बहुतेक संचांत ते दीड-दोन मीटरच्या आसपास असतं. समोरची साइट हाताच्या अंतरावर, लक्ष्य दहा मीटरवर, पण डोळ्याला दोन्हींसाठी फोकस बदलावाच लागत नाही. 'फ्रंट साइट स्पष्ट, लक्ष्य धूसर' हा जो नेमबाजीचा पाया, तो इथे घडतच नाही. होल्स्टरमधून काढणंही कच्चं राहतं, कारण स्वतःची कंबर आणि हात दिसतात ते अंदाजाने रंगवलेले.

बसवताना काय बिघडतं ते सांगतो. हेडसेट आपल्याच कॅमेऱ्यांनी जागा ओळखणारा असेल तर गुळगुळीत पांढऱ्या भिंती त्याला पकडच देत नाहीत. भिंतींवर वेगवेगळ्या आकारांची पोस्टरं लावा. एकसारखी पोस्टरं लावलीत तर त्याला दोन भिंती एकच वाटतात आणि जग अचानक फिरतं. अंधारातही तो भरकटतो, म्हणून हॉलमध्ये दिवे चालू ठेवून अंधार फक्त चित्रात करायचा. बाहेरून बेस स्टेशनने (कोपऱ्यांत बसवलेल्या, किरण सोडणाऱ्या पेट्यांनी) मागोवा घेणारी यंत्रणा असेल तर आरसे, काचेची कपाटं, चकचकीत फरशी झाका.

बंदुकीवरचा ट्रॅकर घट्ट बसवा. २० सेंटिमीटर लांबीच्या पिस्तुलावर तो १ मिलिमीटर तिरका झाला तर १० मीटरवर ५ सेंटिमीटरची चूक होते. प्रत्येक जोडीनंतर बंदूक एका लाकडी खाचेत ठेवून नेम त्याच ठिपक्यावर येतो का ते बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

जॉयस्टिकने चालवणारे प्रसंग टाळा. पाय थांबलेले आणि डोळ्यांना चालल्याचा भास, यानेच मळमळ होते. डोकं वळल्यापासून चित्र बदलेपर्यंतचा वेळ २० मिलिसेकंदांच्या आत असेल आणि माणूस स्वतःच्या पायांनी चालत असेल तर बहुतेकांना त्रास होत नाही. तरी एका बैठकीत १०-१५ मिनिटांपेक्षा जास्त नको. तुमच्या १४ बाय ९ मध्ये भिंतींपासून १ मीटर सोडलं तर वापरायला १२ बाय ७ उरतं. दोघांसाठी ऐसपैस, चौघांसाठी टक्कर ठरलेली.

रंगकाडतूस:
वरच्या दोन्ही उत्तरांतल्या मर्यादा माणूस समोर उभा केला की संपतात, आणि नव्या सुरू होतात.

आधी ताकदीचा अंदाज घ्या. एअरसॉफ्टची ६ मिलिमीटरची ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने गेली की ऊर्जा बरोबर १ ज्यूल होते. पेंटबॉल साधारण ३ ग्रॅमचा, ९० मीटर वेगाने, म्हणजे १२ ज्यूल. सिम्युनिशनचा एफएक्स किंवा यूटीएमचा मॅन मार्कर ही मार्किंग राउंडची नावं. हे राउंड खऱ्या पिस्तुलातून, बदललेल्या नळीतून किंवा किटमधून उडतात, रंग उमटवतात आणि टोचतात. ९ मिलिमीटर एफएक्सची भरवशाची अचूकता सात-साडेसात मीटरपर्यंतच आहे. खोलीत पुरते, अंगणात नाही. कन्व्हर्जन नळीची रचना मुद्दाम अशी असते की नेहमीचं काडतूस चेंबरमध्ये बसू नये. पण हा आधार ज्या शस्त्रात किट बसवलंय तेवढ्यापुरताच. शेजाऱ्याच्या होल्स्टरमध्ये काय आहे, हे किटला माहीत नसतं.

सुरक्षेचा भाग वाचून सोडू नका. २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या पंटा गोर्डा इथे नागरिकांसाठीच्या 'गोळी चालवायची की नाही' या प्रात्यक्षिकात रिव्हॉल्व्हरमध्ये खरी काडतुसं होती आणि सहभागी महिला मरण पावली. कोणी बघितलंच नव्हतं असं नाही, ही ब्लँक (गोळी नसलेली, नुसता आवाज करणारी काडतुसं) आहेत असं धरून चाललं होतं. म्हणून:

हॉलला एकच दार ठेवा, बाकीची कुलूपबंद. दाराबाहेर टेबल. खरं शस्त्र, मॅगझिन, सुट्टी राउंड, चाकू, स्प्रे सगळं कोतात (शस्त्रं ठेवायच्या खोलीत) जमा, हॉलच्या जवळपाससुद्धा नको. मग तीन वेळा तपासणी: स्वतः, जोडीदार, आणि शेवटी सुरक्षा अधिकारी. हाताने चाचपून, नुसतं विचारून नाही. कमरेची मागची बाजू, घोटा आणि जॅकेटचा आतला खिसा ही तीन ठिकाणं लोक हमखास विसरतात. लघवीला गेलेला माणूस परत आला की पुन्हा पहिल्यापासून. पाहुणे, चहा देणारा, साहेब, सगळ्यांना हाच नियम. अडचण साहेबांपाशीच येते. सुरक्षा अधिकाऱ्याकडे दुसरं कोणतंही काम देऊ नका, चित्रीकरणही नाही. रंगीत टेप लावली म्हणजे शस्त्र निकामी झालं असं होत नाही, टेप तपासणी झाल्यावर लावायची खूण आहे.

चेहऱ्याला पूर्ण मास्क, पेंटबॉलसाठी प्रमाणित केलेला. साधा गॉगल चालत नाही, बाजूने गोळी शिरते. गळपट्टा, हातमोजे, जांघेचं संरक्षण, मागे मानेवर टॉवेल. मास्कची काच थिनर किंवा स्पिरिटने पुसू नका, पॉलिकार्बोनेटला केसासारख्या भेगा पडतात आणि पुढच्या माऱ्याला ती फुटते. दुहेरी काचेचा मास्क घेतला तर वाफ कमी धरते. वाफ धरली की लोक नकळत मास्क वर करतात, खरा धोका तोच. मास्क वर दिसला की शिट्टी आणि सगळं थांबवायचं.

आणखी एक खोड. रंगाची गोळी सोफा, पडदा, प्लायवूडचं दार यांनी अडते. खरी गोळी आरपार जाते. लेझरवरच्या माइल्ससारख्या (सैन्य सरावात वापरतं ती, अंगावरच्या पट्ट्यांवर किरण ओळखणारी) यंत्रणेतही हीच गोची आहे, झुडपाच्या पानानेसुद्धा किरण अडतो. मग माणूस आडोशालाच कव्हर समजू लागतो. उपाय सोपा आहे. जे फक्त लपवतं त्याला पिवळी टेप लावा, जे अडवतं त्याला काळी. पिवळ्यामागे बसून गोळी 'अडवली' तर पंच ती लागली असं जाहीर करतो.

समोरचा गडी कोण, यावर अर्धं यश ठरतं. हौशी माणूस जिंकायला खेळतो. त्याला कागदावर हुकूम द्या, असे: 'स्पष्ट आवाजात "हात दाखव" म्हटलं तर हात दाखव. दोघे एकदम ओरडले तर गोंधळून थांब. कोणी १ मीटरच्या आत आलं तर मागे सरक. खिशातून मोबाइल काढ, झटक्यात.' याच्या बाहेर एक शब्द नाही. दहा प्रसंगांतले तीनच गोळीवर संपू देत. सात बोलून, थांबून, मागे हटून सुटावेत. सगळेच गोळीवर संपले तर पोरं हॉलमध्ये शिरतानाच बोट ट्रिगरवर ठेवून येतात.

समोरून मार लागतो तेव्हा काय बदलतं, यावर नेदरलँड्सच्या ऊदेयान्स यांचा २००८ चा अभ्यास आहे. एका गटाने पुठ्ठ्यावर सराव केला, दुसऱ्याने रंगाची गोळी परत झाडणाऱ्या माणसावर. तीन सत्रांनंतर दबावाखाली दुसऱ्या गटाचा नेम ढळला नाही, पहिल्याचा ढळला. गट लहान होता, पण दिशा स्पष्ट आहे.

कवायत_मैदान:
खूप उपयोगी, आभार. दोन शंका. एक, प्रशिक्षणार्थींना आधी पळवून, जोर काढायला लावून नाडी १४० ला नेली आणि मग आत सोडलं तर तणाव येईल ना? तसा एक रंगीत तक्ताही आमच्याकडे आहे, किती नाडीला कोणतं कौशल्य जातं याचा. दोन, दोन दिवसांत किती प्रसंग बसतील?

शिट्टी:
पळून वाढलेली नाडी आणि भीतीने वाढलेली नाडी घड्याळावर सारखी दिसते, आतून सारखी नसते. जोर काढून तुम्ही दमलेला माणूस तयार करता, घाबरलेला नाही. दम लागल्यावर बंदूक धरता येते का हे बघायचं असेल तर जरूर पळवा. निर्णयाचा दबाव हवा असेल तर माहिती अर्धवट द्या, वेळ कमी द्या, दोन आवाज एकाच वेळी सोडा, आणि चुकीची किंमत ठेवा, म्हणजे लागलेली गोळी आणि नंतर सगळ्यांसमोर चित्रफीत. तो रंगीत तक्ता भिंतीवरून काढा. त्यातल्या रेषा प्रयोगाने सिद्ध झालेला नियम म्हणून शिकवण्याइतक्या पक्क्या नाहीत. स्ट्रोब (भराभर लुकलुकणारे) दिवे लावणार असाल तर अपस्माराचा आजार कोणाला आहे का हे आधी लेखी विचारा. विजेचा झटका देणारे पट्टे मला पटत नाहीत: माणूस समोरच्याकडे बघायचं सोडून पट्ट्याची वाट बघत राहतो.

वेळेचा हिशोब. जोडीने आत सोडा, २४ जणांच्या १२ जोड्या. प्रसंग ३ मिनिटं, चर्चा ७, पुन्हा मांडामांड आणि तपासणी ५. एका जोडीला १५ मिनिटं, १२ जोड्यांना ३ तास. दोन दिवसांत बारा तास, म्हणजे प्रत्येक जोडीला चार प्रसंग. बस्स. कोणी दहा प्रसंगांचं वेळापत्रक दाखवलं तर चर्चा कापली आहे असं समजा, आणि शिकणं तिथेच होतं. तीनास सातचं जे प्रमाण वर आलंय ते चार प्रसंगांत एक गोळीचा आणि तीन न झाडण्याचे असं उतरवा, आणि क्रम प्रत्येक जोडीला वेगळा ठेवा. बाहेर थांबलेल्यांना बातमी फुटतेच.

चर्चा अशी घ्या. चित्रफीत लावण्याआधी विचारा, 'काय दिसलं? हातात काय होतं? तू काय बोललास?' उत्तर लिहून घ्या. मग चित्रफीत. त्या दोन्हींत जी तफावत निघते, ती प्रशिक्षणार्थीला स्वतःला दिसू द्या, उस्तादाने बोलून दाखवू नये. मग पूर्ण प्रसंग नको, जिथे घसरलं तिथून वीस सेकंद पुन्हा. आणि गोळी लागली म्हणून कोणाला 'मेलास, बाहेर ये' म्हणू नका, लागल्यावर हातपाय टाकायची सवय आपणच लावतो.

मोजायचं काय? नेम शेवटी. आधी हे: पहिला हुकूम किती सेकंदाला दिला, अंतर किती राखलं, बोट ट्रिगर गार्डच्या आत कधी गेलं आणि त्या क्षणी समोरच्याच्या हातात काय होतं. दोन कॅमेरे लावा, एक कोपऱ्यात उंचावर, एक समोरच्याच्या छातीवर. सुरुवातीला पंचाने दोन्ही कॅमेऱ्यांना दिसेल अशी एक टाळी वाजवली की चित्रं जुळवायला ती खूण पुरते.

खरेदीबद्दल माझं मत: तिसरा प्रस्ताव घ्या, मास्क आणि कपड्यांवर हात आखडू नका. उरले तर साधा प्रोजेक्टर आणि इन्फ्रारेड लेझर, फक्त 'हातात काय आहे' ओळखण्याच्या छोट्या फितींसाठी. व्हीआर पुढच्या वेळी.

नेमबिंदू:
शिट्टींशी सहमत. १९७९ मध्ये न्यू जर्सीच्या फेडरल न्यायालयाने पोपॉ विरुद्ध मार्गेट शहर या खटल्यात हलती लक्ष्यं, कमी उजेड आणि वस्तीतला गोळीबार यांचा सराव नसण्यावरच बोट ठेवलं होतं. यातल्या तिन्ही गोष्टी तुमच्या हॉलमध्ये माणूस, दिव्याचं बटण आणि प्लायवूड यांवर होतात.

कवायत_मैदान:
शेवटचं. एअरसॉफ्टसाठी शॉट टायमर (प्रत्येक शॉटची वेळ नोंदणारं यंत्र) चालेल का? तो आवाजावर चालतो.

रंगकाडतूस:
संवेदनशीलता पूर्ण वाढवलीत तर चालतो, पण मग टाळी, दार आपटणं आणि भिंतीवरचा पडसाद, सगळं शॉट म्हणून नोंदतो. टायमर नेमबाजाच्या पट्ट्यावर लावा, टेबलावर नको, आणि सलग दोन नोंदींत ०.०८ सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर दुसरी पडसाद म्हणून खोडा. टाळीची नोंदही पहिल्या शॉटआधी काढून टाका. दोघे एकदम झाडत असतील तर टायमर बाजूला ठेवून चित्रफितीच्या फ्रेम मोजा, ६० फ्रेमला एक फ्रेम म्हणजे १७ मिलिसेकंद, एवढं पुरे.